करार शेवटी, पंपघर आधी: सायबर सुरक्षेवरच्या संशोधन प्रकल्पांनी एकत्र काम करण्याचा क्रम

पाणीपुरवठा, वीज उपकेंद्र किंवा साखर कारखान्यातली सहवीजनिर्मिती यांच्या सायबर सुरक्षेवर काम करणारे दोन गट एकत्र येतात, तेव्हा बहुतेक वेळा एकच चूक होते. आधी सामंजस्य करारावर सह्या होतात, मग एकमेकांकडे डेटा मागितला जातो आणि वर्ष सरत आल्यावर कळते की दोघांचे प्रश्नच वेगळे होते. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेपासून कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीपलीकडे गडहिंग्लज-कोल्हापूरपर्यंत मी हे पाहिले आहे. आमच्या गटाने स्वतःही तेच केले आणि एक शैक्षणिक वर्ष गमावले.

खाली दिलेला क्रम प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि शेवटच्या वर्षाचे प्रकल्पगट यांच्यासाठी आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका. एखादी पायरी छोटी वाटली म्हणून ती वगळूही नका. आमचे नुकसान छोट्या वाटलेल्या पायरीनेच केले.

१. एकच भौतिक प्रक्रिया निवडा

‘अत्यावश्यक पायाभूत सुविधांची सायबर सुरक्षा’ हा विषय होऊ शकत नाही. तो विषयांचा ढीग आहे. त्यातून हात लावून दाखवता येईल अशी एक प्रक्रिया उचला. उदाहरणार्थ जॅकवेलमधून पाणी उचलून उंच टाकी भरणारा पंप, किंवा एका ११ केव्ही फीडरचा (वीज वाटणाऱ्या वाहिनीचा) ब्रेकर, किंवा क्लोरीनचे डोसिंग. युरोपात अशा प्रकल्पांचा एक समूह तयार झाला, तेव्हाही प्रत्येकाने आपले क्षेत्र सोडले नाही. स्टॉप-इट पाण्यावर होता, डिफेंडर ऊर्जेवर, सेफकेअर रुग्णालयांवर. पद्धती आणि अनुभव मात्र त्यांनी एकमेकांना दिले. आपणही तेवढेच करायचे आहे.

निवडलेली प्रक्रिया एका कागदावर चितारा. काय मोजले जाते, काय चालू-बंद होते, आज्ञा कोण देतो, आणि मोजलेला आकडा खोटा निघाला तर पाण्याचे किंवा विजेचे प्रत्यक्षात काय होते, हे चार रकाने पुरेत.

हा कागद प्रयोगशाळेत बसून भरू नका. मालकाच्या तोंडी होकारावर, लॅपटॉप बाहेर ठेवून, पंपघरात जा. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने तिथल्या ऑपरेटरना विचारले होते, “मामा, स्क्रीनवर पंप चालू दिसतोय आणि खरं तर तो बंद आहे, तर तुम्हाला कळतं कसं?” ते म्हणाले, “अँपिअर बघायचा. काटा पडलेला असला तर स्क्रीन काय का सांगेना, पंप बंद.” मोटरचा विद्युतप्रवाह आणि स्क्रीनवर दिसणारी पंपाची स्थिती यांची अशी सांगड आमच्या दोन्ही गटांच्या प्रस्तावात कुठेच नव्हती. पुढे खोटा आकडा पकडणारी आमची सगळ्यात भरवशाची खूण तीच ठरली.

*तपासा:* दोन्ही गटांतली एकेक व्यक्ती हा कागद न बघता पाच मिनिटांत प्रक्रिया समजावून सांगू शकते का? सांगता येत नसेल तर पुन्हा पंपघर गाठा.

२. प्रश्न वेगवेगळे लिहा, मग समोरासमोर ठेवा

प्रत्येक गटाने आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा, दुसऱ्याला न दाखवता. मग दोन्ही वाक्ये शेजारी ठेवा. एकाला खोटा आकडा ओळखायचा असतो आणि दुसऱ्याला यंत्राला जाणाऱ्या आज्ञेवर डिजिटल सही करून ती सुरक्षित करायची असते, असे सर्रास होते. त्यात वाईट काही नाही. मात्र मग पहिल्याला सेन्सरच्या नोंदी हव्यात आणि दुसऱ्याला नेटवर्कवरची पाकिटे, म्हणजे उपकरणांनी एकमेकांना पाठवलेले संदेश. गरज वेगळी असेल तर ती आजच कळू द्या.

प्रश्नांच्या खाली दोन ओळी लिहा: आम्ही काय देणार, आम्हाला काय हवे. ‘सहकार्य’, ‘आदानप्रदान’ असले शब्द इथे चालणार नाहीत. ‘एका पंपाच्या तीन महिन्यांच्या, दर सेकंदाच्या नोंदी’ असे लिहा.

३. मालक कोण हे शोधा आणि लेखी परवानगी घ्या

सीमाभागात ही पायरी इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. निपाणी आणि कागल एकमेकांपासून अर्ध्या तासावर. पण निपाणीतला फीडर कर्नाटकातल्या हेस्कॉम या वीज वितरण कंपनीचा, कागलमधला महाराष्ट्राच्या महावितरणचा. वरच्या उच्चदाब वाहिन्या इकडे केपीटीसीएल या पारेषण कंपनीच्या, तिकडे महापारेषणच्या. कर्नाटक दक्षिण विभागीय ग्रीडमध्ये येतो, महाराष्ट्र पश्चिम विभागीय ग्रीडमध्ये. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने हे दोन्ही ग्रीड एका लयीत जोडले गेले. वीज तेव्हापासून एकत्र धावते, परवानगी मात्र आजही दोन ठिकाणी मागावी लागते. बेळगाव शहराचे पाणी राकसकोप आणि हिडकलहून येते. धरण, जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र आणि शहरातले वितरण यांची जबाबदारी एकाच टेबलावर असेल असे गृहीत धरू नका.

ओळखीच्या शाखा अभियंत्याने “या की, बघून जा” म्हटले, तर तो बघण्यापुरता होकार आहे. यंत्रणेला लॅपटॉप जोडण्याची ती परवानगी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे गुन्हा ठरू शकते. ती यंत्रणा कलम ७० खाली ‘संरक्षित यंत्रणा’ म्हणून अधिसूचित असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. विद्यार्थ्याचा हेतू चांगला होता, हे नंतर सिद्ध करत बसण्याची वेळ त्याच्यावर आणू नका.

परवानगीच्या पत्रात इतके असलेच पाहिजे:

- कोणते उपकरण, कोणत्या खोलीतले, आणि त्यातून फक्त वाचायचे की काही लिहायचेही
- कोणाकोणाची नावे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत
- डेटा कुठे ठेवला जाईल, कोण बघेल, केव्हा पुसला जाईल
- काही बिघडले तर त्या क्षणी कोणाला फोन करायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या कार्यालयांचे कामकाज कन्नडमधून चालते. पत्र नीट कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत इंग्रजी प्रत जोडा. कोल्हापूरकडच्या कार्यालयाला तेच पत्र मराठीत द्या. भाषांतर झाल्यावर दोन्ही पत्रांत परवानगीची व्याप्ती तीच राहिली आहे ना, हे दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आपल्याकडे अशी माणसे घरोघरी आहेत.

वीज क्षेत्रातल्या संस्थांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. पत्राची एक प्रत त्यांच्याकडे जाऊ द्या.

*सावधान:* एका गटाला मिळालेली परवानगी दुसऱ्या गटाला लागू होत नाही. दोन्ही संस्थांची नावे पत्रात नसतील तर डेटा पुढे पाठवणे हाच भंग आहे.

४. माहितीला रंग द्या, पहिली फाइल पाठवण्याआधी

जगभरचे सायबर सुरक्षा गट माहिती वाटताना ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’ वापरतात. त्याची दुसरी आवृत्ती २०२२मध्ये आली. लाल म्हणजे समोर बसलेल्या माणसांपुरते. अंबर म्हणजे आपली संस्था आणि ज्यांना गरज आहे तेवढे संबंधित. ‘अंबर स्ट्रिक्ट’ म्हणजे फक्त आपली संस्था. हिरवा म्हणजे या क्षेत्रातल्या लोकांपर्यंत, पण जाहीर नाही. क्लिअर म्हणजे कोणालाही.

प्रत्येक फाइलच्या नावात आणि पहिल्या पानावर रंग लिहा. पॅनेलचे फोटो, आयपी पत्ते, पंपघराचा नकाशा हे किमान अंबर. व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही रंगीत टाकायचे नाही, अगदी “फक्त बघायला” म्हणूनसुद्धा. पॅनेलसमोर काढलेल्या सेल्फीत मागच्या स्क्रीनवरचा पत्ता स्पष्ट वाचता येतो, आणि हे आपल्याकडे घडलेले आहे.

५. घड्याळ, नावे आणि एकके जुळवा

आमचे वर्ष गेले ते इथे.

आमच्या नोंदी भारतीय वेळेत होत्या. दुसऱ्या संस्थेच्या उपकरणाने त्या यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, साठवल्या होत्या, आणि दोघांच्याही फाइलींत वेळेच्या पुढे ती कोणत्या पट्ट्यातली आहे हे लिहिलेले नव्हते. फरक साडेपाच तासांचा. जोडलेल्या डेटात रोज सकाळी पंप चालू व्हायचा आणि टाकी दुपारनंतर भरायची. खोटा आकडा पकडणाऱ्या आमच्या प्रणालीने त्याला ‘हल्ला’ म्हटले. आम्ही तीन महिने तो हल्ला समजून घेत होतो. शेवटी तो ऑपरेटरच्या वहीतल्या नोंदीने उलगडला. वहीत पंप चालू केल्याची वेळ पेनाने लिहिलेली होती.

म्हणून:

१) प्रत्येक नोंदीत वेळेचा पट्टा लिहिलेला असू द्या. साठवताना यूटीसी, दाखवताना भारतीय वेळ.

२) दोन्ही बाजूंची संग्राहक यंत्रे एकाच स्रोताशी जुळवा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांचे वेळ-सर्व्हर यासाठीच आहेत, आणि देशातल्या सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांतही तेच सांगितले आहे. जुन्या पीएलसीचे (पंपासारखी यंत्रे चालू-बंद करणाऱ्या नियंत्रक संगणकाचे) घड्याळ रोज थोडे सरकते. ते तुम्ही बदलायचे नाही, फक्त दर आठवड्याला किती सरकले ते नोंदवायचे.

३) दोन्ही डेटात दिसायला हवी अशी एक खूण ठरवा. वीज गेल्याची वेळ उत्तम. दोन्हीकडे ती एकाच मिनिटाला दिसली पाहिजे.

नावांचा गोंधळ आपल्याकडे वेगळाच आहे. एकाच गावाची नोंद बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशी तीन तऱ्हांनी सापडते. चिकोडी आणि चिक्कोडी दोन ठिकाणे म्हणून मोजली जातात. व्हॉल्वच्या पाट्या कन्नड आकड्यांत, वही मराठीत, स्काडाचा (यंत्रांवर दुरून नजर ठेवणाऱ्या नियंत्रण प्रणालीचा) पडदा इंग्रजीत. यात कोणते नाव बरोबर हा वाद घालू नका. प्रत्येक ठिकाणाला आणि उपकरणाला एक क्रमांक द्या, आणि त्याच्यापुढे प्रचलित सगळी नावे, सगळ्या लिप्यांत लिहा. डेटा जोडायचा तो क्रमांकावर.

एककांचे तसेच. पूरविसर्ग आपण सगळे क्युसेकमध्ये बोलतो; केंद्रीय जल आयोगाच्या तक्त्यात क्युमेक दिसते. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. रकान्याच्या मथळ्यात एकक नसेल तर ती फाइल परत पाठवा. एक्सेल दिवस आणि महिना अदलाबदल करतो, त्यामुळे ५ जुलैचा ७ मे होतो. तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच लिहा.

*तपासा:* कोणताही एक दिवस निवडा. दोन्ही गटांनी त्या दिवशी पंप किती वेळा चालू झाला ते स्वतंत्रपणे मोजावे आणि ऑपरेटरच्या वहीशी ताडून बघावे. तिन्ही आकडे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

६. प्रयोग प्रतिकृतीवर, चालू यंत्रणेवर नाही

दोन प्लास्टिकच्या टाक्या, एक छोटी मोटर, पातळीचा सेन्सर, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ओपनपीएलसी हे पीएलसीचे काम करणारे सॉफ्टवेअर. एवढ्यावर काम सुरू होते. शहराच्या जलवाहिन्यांचे गणित करायला ईपीए-नेट हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. दोन्ही संस्थांनी अगदी सारखी प्रतिकृती उभारावी: तोच पीएलसी प्रोग्राम, तेच पत्ते, तीच आवृत्ती. मग एकाचा प्रयोग दुसऱ्याला करून बघता येतो, आणि एकत्र कामाचा खरा फायदा तोच आहे.

प्रतिकृतीचे नेटवर्क महाविद्यालयाच्या वायफायपासून पूर्ण वेगळे ठेवा. मॉडबस या औद्योगिक उपकरणांच्या संवादपद्धतीच्या मूळ रचनेत ओळख पटवण्याची सोयच नाही. ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर जो बोलेल त्याची आज्ञा पीएलसी मानतो. प्रतिकृतीसाठी लिहिलेली आज्ञा चुकून खऱ्या नेटवर्कवर गेली तर तीही मानली जाईल.

*सावधान:* चालू यंत्रणेवर नेटवर्क तपासणारा स्कॅनर चालवू नका. कार्यालयातल्या संगणकाला ज्याने काही होत नाही, त्याच तपासणीने जुना पीएलसी अडकून बसू शकतो, आणि मग पंप हाताने चालू करायला रात्री माणूस पाठवावा लागतो. खऱ्या ठिकाणी फक्त ऐकायचे: स्विचच्या मिरर पोर्टवरून (नेटवर्कवरच्या संदेशांची नक्कल देणाऱ्या जोडणीवरून), मालकाच्या माणसाने जोडून दिलेल्या केबलने. स्वतःचा पेनड्राइव्ह आत न्यायचा नाही.

स्वतःचा डेटा यायला वेळ लागणार असेल तर सिंगापूर तंत्रज्ञान आणि डिझाइन विद्यापीठाचा ‘स्वॅट’ हा डेटा-संच मागून घ्या. तो प्रत्यक्ष जलशुद्धीकरणाच्या प्रतिकृतीवरचा आहे: ५१ सेन्सर आणि चालक उपकरणे, ११ दिवसांच्या नोंदी, त्यातले ७ दिवस सुरळीत आणि ४ दिवस हल्ल्यांचे. त्यावर सराव करा. मात्र त्यावर बसवलेली प्रणाली जशीच्या तशी आपल्या पंपघरात चालेल, ही अपेक्षा ठेवू नका.

७. यशाची व्याख्या निकाल यायच्या आधी ठरवा

“आमची अचूकता ९९ टक्के” हे वाक्य शोधनिबंधांत वाचायची सवय झाली आहे. ते पंपघरात नेऊन बघा. दर सेकंदाला एक नोंद म्हणजे दिवसाला ८६,४०० नोंदी. त्यातल्या फक्त एक टक्का चुकीच्या ठरल्या तरी दिवसाला ८६४ खोटे इशारे. ऑपरेटर दुसऱ्या दिवशी भोंग्याची वायर काढून ठेवेल, आणि तो बरोबर असेल.

दोन्ही गटांनी आधीच लिहून ठेवावे: आठवड्याला जास्तीत जास्त किती खोटे इशारे चालतील, हल्ला सुरू झाल्यापासून किती मिनिटांत कळला पाहिजे. हे आकडे ऑपरेटरना विचारून ठरवा.

नोंदी पत्त्यांसारख्या पिसून प्रणालीच्या शिकवणीचा आणि परीक्षेचा डेटा वेगळा करू नका. लागोपाठच्या दोन सेकंदांच्या नोंदी जवळपास सारख्याच असतात. पिसल्या की परीक्षेतली उत्तरे शिकवणीतच दिसून जातात. आधीचा काळ शिकवणीला, नंतरचा परीक्षेला.

आणि ऋतू विसरू नका. एप्रिलमध्ये राकसकोपची पातळी उतरलेली असते, पाणी मोजूनमापून सोडले जाते. जुलैत धरण भरत येते, वीज वारंवार जाते, पंप वेळी-अवेळी चालतात. उन्हाळ्याच्या डेटावर शिकलेल्या प्रणालीला पावसाळा हाच हल्ला वाटतो. कारखान्याची सहवीजनिर्मिती घेतली असेल तर गाळप हंगाम आणि हंगामाबाहेरचा काळ हे दोन वेगळे कारखाने समजा.

८. त्रुटी सापडली तर कोणाला, कोणत्या क्रमाने

आधी मालक, फोनवर, त्याच दिवशी. मग उपकरणाचा निर्माता आणि सर्ट-इन. शोधनिबंध सगळ्यात शेवटी, दुरुस्ती झाल्यावर.

घाईचे कारण आहे. सर्ट-इनच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे ठराविक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत संस्थेने कळवायच्या असतात, आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. तुम्ही काही संशयास्पद पाहिले आणि ‘सोमवारी सरांना दाखवू’ म्हणून ठेवले, तर अडचणीत तुम्हाला आत येऊ देणारा मालक येतो. पुन्हा कोणालाच परवानगी मिळणार नाही, हा त्याचा पुढचा परिणाम.

त्रुटी एका गटाला सापडली तर दुसऱ्या गटाला किती आणि केव्हा सांगायचे, हे चौथ्या पायरीतल्या रंगांनी आधीच ठरलेले असते. ती लालच धरावी.

९. हद्दीच्या दोन्ही बाजूंनी टेबलावर सराव करा

एक दुपार पुरते. संगणक नको, फक्त कागद आणि फोन नंबरांची यादी. दोन्ही गट, पंप ऑपरेटर, लाइनमन आणि एखादा अभियंता एका टेबलाभोवती बसवा.

प्रसंग असा घ्या: जुलैची रात्र, कृष्णा वाढते आहे. वरून येणाऱ्या विसर्गाच्या संदेशातला आकडा बदललेला असावा अशी शंका आहे. कल्लोळ-यडूरकडच्या गावांना काय सांगायचे ते ठरवायचे आहे. त्याच वेळी नदीकाठच्या पंपघराचा स्काडा पडदा गोठला आहे. आता कोण कोणाला फोन करतो? आकडा खरा की खोटा हे दुसऱ्या कोणत्या मार्गाने पडताळतो? बंधाऱ्यावरच्या पट्टीवर पातळी वाचणारा माणूस आहे का, त्याचा नंबर कोणाकडे आहे? २०१९चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना या प्रश्नांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

आमच्या सरावात पहिल्या वीस मिनिटांत कळले की दोन्ही राज्यांतल्या गटांकडे फक्त स्वतःच्या राज्याचे नंबर होते. ती यादी त्याच दुपारी पुरी झाली. त्या वर्षातले आमचे सगळ्यात उपयोगी काम मला तेच वाटते.

*तपासा:* सरावात ज्या ज्या वेळी कोणी “बहुतेक” म्हणाले, ती जागा लिहून घ्या. पुढच्या सत्राचे काम तिथून निघते.

१०. आता करार करा, आणि तो पुढच्या तुकडीसाठी लिहा

एव्हाना काय द्यायचे, काय घ्यायचे, कोण जबाबदार हे सगळे करून पाहिलेले असते, त्यामुळे करार दोन पानांत होतो. त्यात डेटाची मालकी, शोधनिबंधांवरच्या नावांचा क्रम, परवानगी संपल्यावर डेटा कसा पुसायचा आणि एक संस्था बाहेर पडली तर प्रतिकृतीचे काय, एवढे असू द्या. लेखकांच्या नावांचा क्रम लाजेने टाळला जातो आणि त्यावरच पुढे अबोला धरला जातो, म्हणून तो आधी लिहा.

आठव्या सत्रानंतर मुले पुण्या-बेंगळुरूला जातात. त्यांच्यासोबत पासवर्ड, प्रोग्रामची शेवटची आवृत्ती आणि “हा सेन्सर उलटा जोडलाय” ही माहितीही जाते. म्हणून निरोपसमारंभाच्या आधी हस्तांतरणाचा दिवस ठेवा. जाणाऱ्यांची सगळी खाती बंद करा, त्यांच्या लॅपटॉपवरचा डेटा त्यांच्यासमोर पुसा, परवानगीपत्रातली नावे बदलण्यासाठी मालकाला नवे पत्र द्या. मग जाणाऱ्या तुकडीला खोलीबाहेर बसवा आणि नव्या मुलांना फक्त लिहिलेल्या सूचनांवरून प्रतिकृती सुरू करायला सांगा. टाकी भरून पंप आपोआप बंद झाला तर हस्तांतरण झाले. मुले जिथे अडतील ती ओळ त्याच वेळी सूचनांत दुरुस्त करून घ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावा.